अननसाच्या डब्यातला पाक मोरीत ओतू नका

आमच्यात गौरी-गणपतीला पाहुणे वाढले की पहिला कपाटातला अननसाचा डबा बाहेर येतो. डब्यातलं फळ म्हणजे आळशीपणा असं बरेच जण म्हणतात, मला नाही पटत. नुसता खायला ताजाच अननस भारी, पण दुधात घालायचा असेल तर डब्यातलाच घ्या. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि कस्टर्ड कडू होतं, माझं एकदा हळदी-कुंकवाला दोन लिटर दुधाचं फ्रूट सॅलड असंच वाया गेलंय, अजून वाईट वाटतं. डबा बंद करताना फळ तापवतात त्यात ते एन्झाइम संपतं, जेलीसुद्धा म्हणूनच डब्यातल्या अननसाची नीट सेट होते. आंबटपणा मात्र तसाच राहतो, त्यामुळं उकळत्या दुधात नाही, गार झालेल्या कस्टर्डमध्येच फोडी घालायच्या. आणि त्या आधी चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या, नाहीतर कस्टर्ड पाणी पाणी होतं.

आता शिरा, माझा सगळ्यात आवडता. १ वाटी रवा, पाऊण वाटी तूप, १ वाटी फोडी, १ वाटी डब्यातला पाक, दीड वाटी कडक पाणी आणि साखर फक्त अर्धी वाटी, कारण पाकात साखर आहेच, इथंच सगळे चुकतात आणि शिरा गुळमट गोड होतो. फोडी आधी चमचाभर तुपात परता, कडा जराशा सोनेरी झाल्या की कच्चा डब्याचा वास जातो आणि घरभर अननस घमघमतो. मग उरलेल्या तुपात रवा मंद आचेवर भाजा, पाणी घाला, रवा फुलला की पाक, साखर, फोडी, झाकण ठेवून दोन वाफा. दूध घालायचा मोह आवरा, आंबटानं फाटतं.

डबा घेताना फुगलेला, गंजलेला किंवा जोडावर चेपलेला असेल तर परत ठेवा. लेबलवर दोन वजनं असतात, पाकासकटचं आणि निथळलेल्या फळाचं, भाव दुसऱ्यावरून बघायचा.

उघडलेला डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवू नका, फळाच्या आंबटपणानं आतलं टिन सुटायला लागतं आणि पत्र्याची चव येते. काचेच्या बरणीत काढा, फोडी पाकात बुडलेल्या पाहिजेत, तीन-चार दिवसांत संपवा. फोडी संपून पाक उरला तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवते, उन्हाळ्यात लिंबू सरबतात साखरेच्या जागी दोन क्यूब टाकले की पोरं दुसरा ग्लास मागतात.