आधी हात, मग पेडल

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आठ महिने शिकवण्या घेतल्या, पैसे साठवले आणि इलेक्ट्रिक गिटारसाठी डिस्टॉर्शनचं पेडल, म्हणजे गिटारचा आवाज फाटका करणारी, पायाने दाबायची डबी घेतली. माझ्या आवडत्या गिटारवादकाच्या पायाशी तेच पेडल असलेला फोटो मी पाहिला होता. ते आलं की माझा आवाजही तसाच येणार, याबद्दल मनात कसलीच शंका नव्हती.

ठाण्यातल्या एका जॅम रूममध्ये आम्ही तासाच्या हिशेबाने सराव करायचो. एके दिवशी आमच्यानंतरच्या बँडमधले दादा लवकर आले. वयाने माझ्याहून पंधरा-एक वर्षांनी मोठे. "बघू रे जरा," म्हणत त्यांनी माझी गिटार घेतली. अ‍ॅम्पचा एकही नॉब हलवला नाही, पेडलही होतं तसंच चालू. तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवर, म्हणजे नेकवर, धातूच्या आडव्या पट्ट्यांनी आखलेलं सातवं घर) त्यांनी एकच सूर लावला आणि धरून ठेवला. आवाज भरदार आला, हळूहळू थरथरला आणि शेवटपर्यंत सुरात राहिला. गिटार हातात परत आल्यावर मी तोच सूर वाजवला. आधी पिकचा, म्हणजे तार छेडायच्या चकतीचा खरखराट, मग बारीकसा सूर, शेवटी बाजूच्या तारांची गुणगुण. त्याच तारा, तेच पेडल, तोच अ‍ॅम्प. फरक फक्त हातांचा होता. त्या संध्याकाळी मला वाईट वाटलं, पण तिथूनच माझं शिकणं सुरू झालं. इलेक्ट्रिक गिटार नुकतीच हातात घेतलेल्यांसाठी हे लिहितोय, कारण मला हे कोणी पहिल्या वर्षी सांगायला हवं होतं.

गिटारवरचा पिकअप तारेची हालचाल टिपतो आणि अ‍ॅम्प ती मोठी करतो. तार मुळात कशी हलली, हे मात्र सर्वस्वी बोटांवर असतं. ते ऐकायला एक सोपा प्रयोग करा. मोकळी तार बरोबर बाराव्या फ्रेटच्या वर, म्हणजे तिच्या मध्यावर छेडा. आवाज पोकळ येईल, लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटच्या जवळ जाणारा. आता तीच तार ब्रिजपासून, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथून, दोन बोटांवर छेडा. आवाज टोकदार आणि पत्र्यासारखा होईल. यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. तार ज्या बिंदूवर छेडतो, तिथे ज्या उपस्वरांचा (मूळ सुरात मिसळून वाजणारे वरचे सूर) स्थिर बिंदू असतो ते उपस्वर उमटतच नाहीत. मध्यावर छेडलं की दुसरा, चौथा, सहावा असे सम उपस्वर गळतात. ब्रिजकडे सरकलं की वरच्या उपस्वरांचं प्रमाण वाढतं. अ‍ॅम्पवरचा ट्रेबलचा नॉब फिरवण्याआधी मनगट चार सेंटिमीटर सरकवून बघा. आजही कार्यक्रमात आवाज टोचतोय असं वाटलं की मी आधी हात नेककडे सरकवतो.

पिकबद्दलही थोडं सांगतो. मी सुरुवातीला ०.६० मिलिमीटरचं लवचिक पिक वापरायचो. साथीच्या ऱ्हिदमला ते ठीक होतं, पण एकेक सूर वाजवताना तारेआधी पिकच वाकायचं आणि सूर उशिरा, चपटा यायचा. १ मिलिमीटरच्या पुढचं पिक घेतलं, ते बोटांच्या बाहेर अगदी थोडंसं ठेवलं आणि पहिल्यांदा जोर माझ्या ताब्यात आला. पिक तारेला समांतर ठेवलं तर सूर स्वच्छ निघतो. थोडं तिरकं केलं की कड घासते आणि सुराला किंचित खरखर येते. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या क्वीन या रॉक बँडमधले गिटारवादक ब्रायन मे तर पिकऐवजी सिक्सपेन्सचं जुनं ब्रिटिश नाणं वापरतात. नाणं अजिबात वाकत नाही आणि त्याची दातेरी कड तिरकी लागली की सुराच्या सुरुवातीला एक करकर मिळते. त्यांची गिटार त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी घरीच बनवलेली आहे, ती तर आपल्याला मिळणार नाही. पण कड किती तिरकी करायची, हे प्रत्येकाला आपल्या खोलीत बसून शोधता येतं.

डाव्या हाताकडे नवीन मुलं फक्त 'कुठला फ्रेट' एवढ्यापुरतं बघतात. मीही तसंच बघायचो. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी खेटून, तिच्या मागे ठेवलं तर निम्म्या जोरात सूर स्वच्छ येतो. जास्त दाबलं तर तार ताणली जाते आणि सूर चढा लागतो. तारा जुळवायचा ट्यूनर हिरवा दिवा दाखवत असताना कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) बेसूर का, या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा इथेच असतं. जोरात छेडल्यावरही क्षणभर सूर चढतो, हेही लक्षात ठेवा. मोठे अंतर घेऊन हलणारी तार जास्त ताणलेली असते.

व्हायब्रेटोवर, म्हणजे सूर थरथरवण्यावर, मात्र मी मनापासून वेळ घालवा म्हणेन. दाबलेली तार आडवी हलवली की सूर चढतो, मूळ सुराच्या खाली तो जात नाही. म्हणजे फ्रेटवरचा व्हायब्रेटो म्हणजे सूर थोडा चढवणं आणि मूळ जागी परत आणणं. आपण चढवतो, पण पूर्ण परत आणत नाही, म्हणून ऐकणाऱ्याला तो सतत चढा आणि घाबरलेला वाटतो. हालचाल बोटाची नको. कुलपात किल्ली फिरवताना हात फिरतो तशी कोपरापासून हवी, आणि तर्जनीची बाजू नेकला टेकलेली असावी. मिनिटाला ६० ठोके देणाऱ्या मेट्रोनोमवर एका ठोक्याला दोन हेलकावे, असं मी तीन महिने रोज दहा मिनिटं केलं. कंटाळा यायचा. पण माझ्या आवाजाला जी काही ओळख आहे, ती या दहा मिनिटांतून आली आहे.

बेंडसाठी, म्हणजे दाबलेली तार खेचून सूर चढवण्यासाठी, आपल्याकडे एक सोय आहे आणि ती वापरावी असं मला फार वाटतं. फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा आणि षड्ज 'ए' वर ठेवा. दुसऱ्या तारेवर आधी दहावा फ्रेट वाजवा. हाच षड्ज, तो कानात राहू द्या. मग आठव्या फ्रेटवर या आणि अनामिकेने, मागे मधलं बोट आणि तर्जनी लावून, तार त्या षड्जापर्यंत चढवा. तानपुरा चालू असताना पाव सुराची चूकही लगेच टोचते. तिथे पोचल्यावर लगेच सोडू नका. थांबा, मग उतरा. सतारीवर तार आडवी खेचून मींड घेतात, तिचाच हा प्रकार आहे. हार्मोनियमवर जे जमत नाही ते आपल्या वाद्याला जमतं, मग ते अर्धवट का करायचं?

हात आणि आवाज यांचं नातं ज्यांच्याकडून सगळ्यात जास्त शिकावं असं मला वाटतं, ते म्हणजे गिटारवादक जेफ बेक. १९४४ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले बेक जानेवारी २०२३ मध्ये गेले. ऐंशीच्या दशकात त्यांनी पिक जवळजवळ सोडूनच दिलं आणि अंगठा व बोटांनी वाजवू लागले. मांसल बोटाने छेडलेल्या सुराची सुरुवात गोल असते; बोट तारेखाली घालून ती वर ओढून सोडली तर चाबकासारखी फट्टकन येते. हा सगळा पल्ला त्यांच्या उजव्या हातात होता. त्यांच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा व्हॉल्यूम नॉब ब्रिजच्या जवळ असल्यामुळे करंगळीने तो सूर वाजत असतानाच फिरवता येतो. छेडण्याचा ठोका दाबून सूर श्वासासारखा वर येऊ द्यायचा, ही त्यांची खास खूण. तळहातात ट्रेमोलो बार, म्हणजे ब्रिजला जोडलेला, सूर वरखाली करायचा दांडा असायचाच. ब्रिटिश संगीतकार नितीन साहनींच्या १९९९ च्या अल्बममध्ये स्वाती नाटेकर यांनी गायलेली 'नादिया' ही रचना आहे, आणि बेक यांनी पुढे ती गिटारवर वाजवली. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. गळ्यातल्या हरकती, सुराआधीचा तो स्पर्श, दोन सुरांमधली घसरण, हे सगळं तारेवर कसं उतरतं ते कळेल. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अ‍ॅम्प कुठला, हा प्रश्न मला सुचलाही नाही.

आता गेनविषयी, म्हणजे सिग्नल किती वाढवून फाटू द्यायचा ते ठरवणाऱ्या नॉबविषयी, कारण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बहुतेक मुलांचा घोळ इथे होतो. रात्री आवाज करता येत नाही, म्हणून व्हॉल्यूम एकवर आणि गेन पूर्ण. डिस्टॉर्शन सिग्नलची शिखरं कापून टाकतं, त्यामुळे हळू आणि जोरात छेडलेला सूर जवळपास सारख्याच उंचीचा बाहेर येतो. त्यात बोटांमधला फरक बुजतो आणि घरी दोन वर्षं आपण आपला हात ऐकतच नाही. मग बँडबरोबर मोठ्या आवाजात उभे राहिलो की न वाजवलेल्या तारा घोंघावतात, कारण तळहाताने आणि तर्जनीच्या टोकाने बाकीच्या तारा दाबून ठेवायची सवयच लागलेली नसते. गेन इतकाच ठेवा की हळू छेडलं तर सूर जवळपास स्वच्छ यावा आणि जोर लावला तर तो फाटावा. काचेच्या नळ्यांच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर हा फरक छान कळतो, छोट्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर जरा कमी. आठवड्यातून दोन दिवस तर अ‍ॅम्प न लावताच वाजवा. लाकडातून येणारा तो बारीक आवाज फार प्रामाणिक असतो.

याचा अर्थ वस्तूंना किंमत नाही, असं मी कधीच म्हणणार नाही. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी ब्लॅक सबाथ बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबणाऱ्या हाताची बोटं. त्यांनी प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे ट्यूनिंगही खाली आणलं. हाताला काय जमतंय ते ओळखून त्यांनी वाद्य बदललं. खरेदीचा हाच क्रम मला योग्य वाटतो. म्हणून पहिला खर्च सेटअपवर करा: तारांची उंची, नेकचा बाक, ब्रिजवरचं इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर नेमका लागावा म्हणून केलेली जुळणी). दुसरा खर्च तारांवर. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि घामात साध्या तारा महिन्याभरात मंद होतात, त्यामुळे वाजवून झालं की कोरड्या फडक्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसा. पेडलचा विचार त्यानंतर.

बँडमध्ये वाजवायला लागलात की अजून एक गोष्ट कळेल. कॉलेजच्या फेस्टला किंवा हॉटेलच्या कार्यक्रमाला आयोजक देतील तोच अ‍ॅम्प मिळतो आणि साउंडचेकला कधीकधी पाचच मिनिटं. एकदा पुण्यात माझं पेडलबोर्ड ऐनवेळी बंद पडलं आणि सगळा कार्यक्रम मी गिटार सरळ अ‍ॅम्पला जोडून वाजवला: ऱ्हिदमला व्हॉल्यूम सहावर, सोलोला दहावर, बाकी सगळं मनगटावर. उतरल्यावर आमचा ड्रमर म्हणाला, "आज तुझं सगळं ऐकू आलं."

ते पहिलं पेडल मी अजून वापरतो. त्याचा गेन पूर्वी पूर्ण उजवीकडे असायचा. आता तो घड्याळात नऊ वाजता काटा असतो तिथे असतो.