कंट्री रेडिओवर बायकांची गाणी किती लागतात, हे स्वतः कसं मोजाल

1997 मध्ये मी अमेरिकेत आले, तेव्हा इंग्रजी कानावर बसावं म्हणून गाडीत कंट्री रेडिओ, म्हणजे अमेरिकेतलं ‘कंट्री’ या प्रकारचं संगीत लावणारी स्टेशनं, लावून ठेवायचे. रीबा मॅकेंटायर, ट्रिशा इयरवुड, मार्टिना मॅकब्राइड, शनाया ट्वेन, या गायिकांपैकी कुणीतरी थोड्या थोड्या वेळाने भेटायचीच. आता कामावर पोहोचेपर्यंत एकामागून एक पुरुषच गात असतात. आठवण आपल्याला फसवत असेल, म्हणून मी मोजायला लागले. वही, पेन आणि एक आठवडा एवढं पुरतं.

एकच स्टेशन धरा आणि रोज दोन तास सलग ऐका. रकाने असे आखा: वेळ, गाणं, मुख्य आवाज कुणाचा, गाणं कोणत्या वर्षाचं. दोन तासांत 25 गाणी झाली आणि त्यांतली 3 बायकांची असली, तर 12 टक्के.

मुख्य आवाजाच्या रकान्यात मी आधी चूक केली होती. गाण्यात कुठेही बाईचा आवाज आला की मी ते बायकांच्या खात्यात टाकत होते, त्यामुळे आकडा उगाच बरा दिसायचा. पुरुषाच्या गाण्यात पाहुणी म्हणून दोन ओळी गाणारी आणि स्वतःच्या नावावर गाणारी यांत फार फरक आहे. लिटल बिग टाउनसारखे स्त्री-पुरुषांचे गट आणि युगुलगीतं वेगळ्या रकान्यात ठेवा.

वर्षही लिहाच. शनायाचं जुनं गाणं लागलं की टक्का वाढतो, पण आज धडपडणाऱ्या नव्या मुलीला त्याचा काही उपयोग नाही. जुनी गाणी वगळून पुन्हा टक्का काढा.

आणि वेळ. पहाटेचं ऐकणं जमत नसेल, तर अनेक स्टेशनांच्या वेबसाइटवर नुकत्याच वाजलेल्या गाण्यांची यादी असते, ती उतरवून घ्या. ओटावा विद्यापीठातल्या जेडा वॉटसन यांनी हेच काम फार मोठ्या प्रमाणावर केलं आहे. 2000 मध्ये रेडिओवर सर्वाधिक वाजलेल्या गाण्यांच्या वर्षअखेरीच्या यादीत साधारण एक तृतीयांश गाणी बायकांची होती. 2018 मध्ये हे प्रमाण 11 टक्क्यांच्या आसपास आलं. बायकांच्या गाण्यांच्या वाट्याला रात्रीच्या, कमी श्रोत्यांच्या वेळा जास्त येतात, हेही त्यांनी दाखवलं. मध्यरात्री लागलेलं गाणं मोजणीत धरलं जातं, पण ते ऐकायला जागं कोण असतं?

माझ्या मते सगळ्यांत बोलकी खूण वेगळीच आहे: लागोपाठ दोन गायिका आल्या, की समासात फुली मारा. दोन बायका पाठोपाठ लावायच्या नाहीत, हा कंट्री रेडिओचा जुना दंडक. जानेवारी 2020 मध्ये मिशिगनमधल्या एका स्टेशनने तो ट्विटरवर उघड बोलून दाखवला, तेव्हा केल्सी बॅलरिनी आणि केसी मसग्रेव्ह्ज या गायिकांनी जाहीर उत्तर दिलं. त्याच महिन्यात सीएमटी या कंट्री संगीताच्या टीव्ही वाहिनीने आपल्या संगीत व्हिडिओंच्या वेळेत बायकांना निम्मा वाटा द्यायचं ठरवलं. आठवडाभर ऐकून तुमच्या समासात किती फुल्या पडतात, ते पाहा.

बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीशी ताडून पाहणार असाल, तर ‘कंट्री एअरप्ले’ हीच यादी घ्या, कारण ती फक्त रेडिओची आहे. ‘हॉट कंट्री साँग्ज’मध्ये 2012 पासून स्ट्रीमिंग आणि विक्रीही धरतात. 2024 मध्ये बियॉन्सेचं ‘टेक्सस होल्ड एम’ तिथे पहिलं आलं, पण एअरप्लेच्या पहिल्या तिसातही पोचलं नाही. लोक ऐकत होते, स्टेशनं मात्र लावत नव्हती.

आठवडा संपला की स्टेशनच्या प्रोग्रॅम डायरेक्टरला, म्हणजे कोणती गाणी लावायची हे ठरवणाऱ्याला, पत्र लिहा आणि वहीच्या पानांचे फोटो जोडा. ‘बायकांची गाणी जास्त लावा’ एवढंच लिहिलं, तर ‘श्रोत्यांनाच ती नको असतात’ असं उत्तर येण्याची शक्यता आहे. 2015 मध्ये एका रेडिओ सल्लागाराने श्रोतृसंख्या हवी असेल तर बायका काढा, असंच सांगितलं होतं. पुरुष म्हणजे सॅलडमधला लेट्यूस आणि बायका टोमॅटो, म्हणजे मुख्य भाग पुरुषांचा आणि बायका वरून थोड्याशा, असं तो म्हणाला. म्हणून उत्तर टाळता येणार नाही असा प्रश्न विचारा: मंगळवारी सकाळी 7 ते 9 मध्ये एकदाही दोन गायिका लागोपाठ आल्या नाहीत, तुमच्याकडे तसा नियम आहे का? शेवटी एका नव्या गायिकेचं नाव, तिचं गाणं आणि ते तुम्हाला सकाळच्या कोणत्या वेळेला ऐकायचं आहे, तेही लिहा.