सबमिट दाबल्यावर नेमकं काय जातं?

वेब डेव्हलपरच्या नोकरीसाठी फ्रेशर मुलांच्या मुलाखती घेताना मी एक प्रश्न हमखास विचारते: गेट आणि पोस्टमध्ये फरक काय? ब्राउझरने सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवायच्या या दोन मेथड, म्हणजे पद्धती. उत्तर ठरलेलं असतं, ‘पोस्ट सिक्युअर असतं.’ सिक्युअर म्हणजे कसं, असं विचारलं की गाडी अडते. साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे माहिती एन्क्रिप्ट करून पाठवणाऱ्या जोडणीवर, नसेल तर पोस्टमधला पासवर्डसुद्धा वाटेत वाचता येतो. पोस्टमध्ये माहिती यूआरएलमध्ये न दिसता रिक्वेस्टच्या बॉडीत, म्हणजे आतल्या मजकुरात, जाते, एवढंच. अर्थात तेही कमी नाही. यूआरएल ब्राउझरच्या हिस्टरीत राहते, सर्व्हरच्या लॉगमध्ये पडते, कुणी कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली तर तिथेही पोचते. पासवर्ड गेटने पाठवायचा नाही तो यासाठी.

तयारी करणाऱ्यांना माझं सांगणं असतं की आठवडाभर रिअ‍ॅक्टसारखी तयार लायब्ररी बाजूला ठेवा. साधा एचटीएमएल फॉर्म लिहा, एफ-१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, ‘प्रिझर्व्ह लॉग’वर टिक करा आणि सबमिट दाबा. मेथड लिहिलीच नसेल तर ब्राउझर गेट धरतो. सर्चच्या रकान्यात ‘पुणे’ टाइप करून कच्ची यूआरएल बघा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट्स घेतं आणि यूआरएलमध्ये एकेक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट ३ अक्षरांत लिहिला जातो. प, उकार, ण, मात्रा अशी ४ चिन्हं, म्हणजे ३६ अक्षरं. अ‍ॅड्रेस बारमध्ये बहुतेक ब्राउझर तुम्हाला ‘पुणे’च दाखवतात, त्यामुळे हे एरवी लक्षात येत नाही.

मग एकेक गोष्ट मुद्दाम बिघडवून बघा. इनपुटला आयडी ठेवा आणि नेम काढून टाका: ती माहिती जातच नाही. डिसेबल्ड रकाना जात नाही, रीडओन्ली मात्र जातो. टिक न केलेला चेकबॉक्स ‘नाही’ असं कळवत नाही, तो यादीतच नसतो. पोस्ट फॉर्मला फाइल जोडा, पण एनकोडिंग (माहिती बांधून पाठवण्याची पद्धत) मल्टिपार्ट करू नका: सर्व्हरला फक्त फाइलचं नाव मिळेल. ‘फोटो अपलोड होत नाही’ ही तक्रार आली की मी आधी तेच बघते.

मेथड निवडताना मुख्य प्रश्न असतो, या रिक्वेस्टने सर्व्हरवर काही बदलणार आहे का? गेट नुसतं वाचण्यासाठी असतं. २००५ मध्ये गूगलचं वेब अ‍ॅक्सिलरेटर आलं. पान लवकर उघडावं म्हणून ते पानावरच्या लिंक आधीच उघडून ठेवायचं. काही वेब अ‍ॅप्समध्ये ‘डिलीट’ हीसुद्धा साधी लिंकच होती, म्हणजे गेट. लोकांचा डेटा उडाला आणि मोठी बोंब झाली. दोष कुणाचा यावर तेव्हा बराच वाद झाला. माझं मत अ‍ॅप लिहिणाऱ्यांच्या विरोधात जातं.

खऱ्या कामात सगळ्यात जास्त छळतं ते दोनदा सबमिट होणं. पोस्टच्या उत्तरातच ‘अर्ज मिळाला’ हे पान दिलं आणि माणसाने रिफ्रेश केलं, तर ब्राउझर फॉर्म पुन्हा पाठवू का म्हणून विचारतो. लोक न वाचता ‘हो’ म्हणतात आणि टेबलात दुसरी रो पडते. यावर जुना, भरवशाचा उपाय म्हणजे अर्ज साठवून झाल्यावर ३०३ हा ‘दुसरीकडे बघा’ सांगणारा स्टेटस कोड पाठवून दुसऱ्या पानावर वळवणं. ते पान ब्राउझर गेटने मागतो, त्यामुळे रिफ्रेश कितीही वेळा केलं तरी बिघडत नाही. पण नेट हळू आहे म्हणून बटण दोनदा दाबणाऱ्याला ३०३ थांबवत नाही. त्यासाठी फॉर्मबरोबर एकदाच चालणारं टोकन द्यावं लागतं आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तेच टोकन दुसऱ्यांदा साठवू न देणारा नियम, हवा. मुलाखतीत इथपर्यंत आलेल्या मुलाला मी पुढचं फारसं विचारत नाही.

पुट (माहिती बदलून ठेवणं) आणि डिलीट (काढून टाकणं) या आणखी दोन मेथड पाठ करून येणारेही बरेच असतात. साध्या एचटीएमएल फॉर्मला या मेथड पाठवता येत नाहीत, त्यामुळे लारावेलसारखी पीएचपीची फ्रेमवर्क पोस्टमध्येच खरी मेथड सांगणारा एक लपवलेला रकाना घालून काम भागवतात. तीच पुट रिक्वेस्ट दोनदा गेली तरी सर्व्हरवरची शेवटची स्थिती एकच राहायला हवी, पोस्टला तसं बंधन नाही. व्याख्या मुळातून वाचायची असेल तर जून २०२२ च्या आरएफसी ९११० या एचटीटीपीच्या अधिकृत मानकातलं नववं प्रकरण पुरे. इंग्रजी रुक्ष आहे, पण एका बैठकीत वाचून होतं.