डिझेल मोटरहोमला स्कॅनर लावताय? या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात गेला, की चासीवर घर बांधलेल्या गाड्यांची ठरलेली तक्रार असते. कोंडाईबारी चढताना चेक इंजिनचा दिवा लागला आणि पिकअप गेला. मग चार-पाचशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल, म्हणजे गाडीच्या सॉकेटात बसणारा छोटा स्कॅनर, येतो, मोबाइलवर ॲप चढतं आणि बिघाडाचा कोड दिसला की त्या नावाचा सेन्सर बदलला जातो. दिवा मात्र तसाच. यातली बरीचशी गडबड कोड दिसायच्या आधीच, सॉकेटपाशी झालेली असते.

प्लग बसला म्हणून जोडून टाकणं

स्टेअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटचे दोन प्रकार आहेत. पिनांच्या दोन ओळींमधली खाच अखंड असेल तर ते १२ व्होल्टचं, खाच मध्येच तुटलेली असेल तर २४ व्होल्टचं. १२ व्होल्टचा प्लग २४ च्या सॉकेटात अडतो, आणि तो अडण्यासाठीच तसा बनवला आहे. कानशीने घासून आत रेटू नका. २४ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना २८ व्होल्टच्या आसपास दाब असतो. स्वस्त डोंगलमधले कपॅसिटर तेवढ्यासाठी नसतात, ते फुगतात किंवा जळतात. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाड्या १२ व्होल्टच्या असतात. मोठ्या बस-चासीवर बहुधा २४. खाचेवर भिस्त न ठेवता मीटरने मोजलेलं बरं.

अमेरिकन बनावटीच्या, कमिन्स किंवा कॅटरपिलर इंजिनाच्या मोठ्या मोटरहोमवर गोल ९ पिनचं सॉकेट असतं. काळं म्हणजे २५० किलोबिट वेग, हिरवं म्हणजे ५००. हिरवा प्लग दोन्हींत जातो, काळा प्लग हिरव्या सॉकेटात जात नाही. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ९ चं १६ करणारी वायर घेऊन तिला कारचा स्कॅनर लावणं. वायरीने फक्त आकार बदलतो. आतली भाषा जे१९३९ (ट्रक-बससारख्या जड गाड्यांची) असते आणि कारच्या स्कॅनरला ती येत नाही. ॲप ‘कनेक्टिंग’वर अर्धा तास फिरत राहिलं तरी दोष गाडीचा नसतो.

मीटर न लावता स्कॅनरवर विसंबणं

स्कॅनरचा दिवाच लागत नसेल तर आधी फ्यूज बघा. अनेक गाड्यांत सॉकेट आणि सिगारेट लायटर एकाच फ्यूजवर असतात. लायटरवर कूलर बॉक्स किंवा पंखा चालवून फ्यूज उडालेला असतो आणि कोणाच्या लक्षातही नसतं. नंतर मीटरने असं मोजा:

पिन १६ (बॅटरीचा प्लस) आणि ४ (अर्थिंग) मध्ये, इंजिन बंद असताना १२ व्होल्टच्या गाडीत १२.४ ते १२.६ आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ यायला हवेत. १६ आणि ५ (दुसरं अर्थिंग) मध्येही तेवढेच आले पाहिजेत. कमी आले तर अर्थिंग खराब आहे. मग बॅटरीची वायर काढून पिन ६ आणि १४ मधला रोध मोजा. ६० ओहम आले तर कॅन लाइन, म्हणजे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती वायरींची जोडी, ठीक. १२० आले तर टोकाचा एक रेझिस्टर सुटलाय किंवा वायर तुटलीय. शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. सॉकेट आणि कॅन लाइनच्या मध्ये गेटवे (मधला कंट्रोलर) असलेल्या नव्या गाड्यांत सॉकेटवरचा आकडा वेगळा येऊ शकतो, तिथे कंपनीचा वायरिंग नकाशा लागतो.

मोटरहोममध्ये ही तपासणी जास्त महत्त्वाची, कारण बॉडी बांधणाऱ्याने त्या वायरींत हात घातलेला असतो. कॅमेऱ्याची किंवा जीपीएसची वायर पिन १६ ला टोचलेली, इन्व्हर्टरचं अर्थिंग गंजक्या बॉडी बोल्टला, आणि छतावरचं कॅरिअर वेल्डिंग करताना बॅटरी काढलेलीच नाही. ‘यू ०१००’ म्हणजे इंजिनच्या कंट्रोलरशी संपर्क तुटला. तो आला की कंट्रोलर बदलायला धावू नका. आधी त्याचे फ्यूज, अर्थिंग आणि हे जोड उघडून बघा.

कोडमध्ये नाव आलं म्हणून तो पार्ट बदलणं

‘पी ०२९९’ म्हणजे टर्बोचा दाब कमी. टर्बो गेला असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप फाटलेला असतो, क्लिप ढिली असते, किंवा काळ्या मातीच्या धुळीने एअर फिल्टर चोक झालेला असतो. ‘पी ००८७’ म्हणजे रेलचा, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, दाब कमी. सुरुवात डिझेल फिल्टरपासून करा, मग पाण्याचा सेपरेटर, मग लाइनमधली हवा. पंप आणि इंजेक्टर सर्वांत शेवटी, कारण खर्च तिथेच बसतो.

जे१९३९ मध्ये दोन आकडे येतात. एसपीएन म्हणजे कशाबद्दल, एफएमआय म्हणजे काय बिघडलं. एसपीएन ११० म्हणजे कूलंटचं तापमान. त्यासोबत एफएमआय ० आला तर इंजिन खरोखर तापलंय. ३, ४ किंवा ५ आला तर सर्किटमध्ये, म्हणजे वायर, कनेक्टर किंवा सेन्सरमध्ये शोधा. दुसरा आकडा न लिहून घेणं म्हणजे पत्त्यातला घर नंबर सोडून देणं.

स्कॅनरवरचे चालू आकडे डोळे झाकून मानणं

पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना, चावी फक्त ऑन करा. कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बाहेरच्या हवेच्या जवळपास हवं. कोणी उणे ४० दाखवत असेल तर त्या सेन्सरची वायर तुटलेली किंवा कनेक्टर निघालेला आहे. खान्देशात उणे ४० कधी पडल्याचं ऐकिवात नाही!

इंजिन बंद असताना मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) दाब हवेच्या दाबाइतकाच दिसला पाहिजे. जळगावात तो साधारण ९७ ते ९९ किलोपास्कल असतो, सुमारे ११५० मीटर उंचीच्या तोरणमाळवर ८८ च्या आसपास. वर गेल्यावर आकडा उतरला म्हणून सेन्सर बिघडला असं नसतं. टर्बोचा दाब काढताना हवेचा दाब वजा करा. २२० दिसले तर २२० वजा ९८, म्हणजे १२२ किलोपास्कल, जवळपास सव्वा बार.

बहुतेक इंजिनांत कूलंट ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान फिरतं. घाटात १०५ च्या पुढे सरकू लागलं की एसी बंद करा आणि सुरक्षित जागी थांबा. पाणी पुरेसं असेल आणि काटा उतरत असेल तर दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करा, टर्बोच्या बेअरिंगला तेल मिळतं. पाणी गळत असेल किंवा काटा चढतच असेल तर लगेच बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

“भाऊ, कोड उडवून दे”

कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे बिघाडाच्या क्षणी वेग, लोड आणि तापमान किती होतं ती नोंद. त्या स्क्रीनचा फोटो काढल्याशिवाय पुसू नका.

बीएस६ गाडीत काजळीचा फिल्टर भरल्याचा कोड (‘पी २४६३’) आला की ॲपमधून जबरदस्तीने रिजनरेशन करायचा, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळायचा, मोह होतो. तेव्हा सायलेन्सर भयंकर तापतो. पऱ्हाट्या, वाळलेला केळीचा पाला किंवा गवत असलेल्या शेताच्या बांधावर हे मुळीच करू नका. मोकळं काँक्रीट शोधा. आधी ऑइलची काडी बघा. वारंवार अर्धवट रिजनरेशन झालं असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरून पातळी वाढलेली असते, अशा वेळी ऑइल बदलूनच पुढे जा.

डीईएफचा, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करायला लागणाऱ्या द्रवाचा, कॅन बाहेरच्या डिकीत उन्हाळाभर पडू देऊ नका. ३२.५ टक्के युरियाचं हे द्रावण उष्णतेत खराब होतं आणि ‘पी २०ईई’ (धुराचं शुद्धीकरण कमी पडल्याचा कोड) येतो. साधा रिफ्रॅक्टोमीटर टक्केवारी दाखवतो, पण कॅनवरची तारीखही वाचा.

डोंगल लावून विसरणं

साधा डोंगल ५० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, महिन्याला ३६. सारंगखेड्याच्या यात्रेहून आलेली गाडी महिनाभर शेडमध्ये उभी राहिली, तर १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त चार्ज एकटा डोंगल पिऊन बसतो. काही गाड्यांत तो कंट्रोलरलाही झोपू देत नाही, तिथे बॅटरी आठवड्यातच बसते. गाडी लावताना डोंगल काढून चावीच्या जुडग्याला अडकवा.