कोल्हापूरकरानं किनाऱ्यावर राहायला गाव कसं निवडावं

किनाऱ्यावर राहायला जायचं ठरवलेला कोल्हापूरकर डिसेंबरात जागा बघायला निघतो, तिथंच पहिली गडबड होते. डिसेंबरात कोकणातलं कुठलंही गाव देखणंच दिसतं. विहिरीत पाणी असतं, घाट कोरडे असतात, हवा गार असते आणि जागा दाखवणारा माणूस गोड बोलत असतो. एका सूर्यास्ताच्या जोरावर टोकन देऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. रत्नागिरीपासून रेडीपर्यंत समुद्र तोच आहे. गावागावात फरक पडतो तो मागच्या घाटानं, विहिरीनं आणि सातबाऱ्यानं. त्याच क्रमानं बघा.

हे सगळं वर्षातले निदान सहा-आठ महिने तिथं राहणाऱ्यांसाठी आहे. दिवाळीला चार दिवस जायचं असेल तर खोली भाड्यानं घ्या, गाव कशाला निवडताय?

आधी घाट ठरवा

गाव आवडलं म्हणून घाट निवडू नका, घाट ठरला की गावं आपोआप गळतात. आंबा घाटानं उतरलात की रत्नागिरी, भाट्ये, पावस, वरच्या अंगाला गणपतीपुळे-मालगुंड. अणुस्कुऱ्यानं राजापूर, जैतापूर, नाटे, आंबोळगड. गगनबावड्याला दोन वाटा फुटतात: करूळनं वैभववाडी-तळेरे आणि पुढं विजयदुर्ग किंवा देवगड, भुईबावड्यानं खारेपाटण. राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा उतरलात की कणकवली, आणि तिथून देवगड, आचरा, मालवण. आंबोलीनं सावंतवाडी, वेंगुर्ला, शिरोडा.

ज्याच्यामुळं तुम्हाला कोल्हापूरला परत यावं लागणार आहे, आई-वडील, दुकान, शेत, कोर्टाची तारीख, त्याचा हिशेब करून एक मुख्य घाट आणि एक पर्यायी घाट धरा. पर्यायी हवाच. 2021 च्या जुलैत आंबा घाटात रस्ता खचला. 2024 मध्ये करूळ रुंदीकरणासाठी बंद ठेवला, तेव्हा वाहतूक भुईबावड्यावर आणि फोंड्यावर वळवली. एकाच घाटावर विसंबलेल्यांचे तेव्हा हाल झाले.

आणि पावसाळ्यात घाटाच्या आधी आपलंच पाणी आडवं येतं. रेडे डोह फुटला, म्हणजे पंचगंगेचं पुराचं पाणी तिथून बाहेर पडलं, की रत्नागिरी रस्ता बंद. मांडुकलीजवळ कुंभी नदीचं पाणी आलं की गगनबावडा रस्ता बंद. 2019 च्या महापुरात निपाणीच्या अलीकडं यमगर्णीला वेदगंगा नदी महामार्गावर आली, म्हणजे आंबोलीकडं जायची वाटही गेली. घाट धडधाकट असला तरी तुम्ही तिकडंच. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी गाठते त्या दिवशी निघायचं की थांबायचं हे ठरलेलं असू दे. 43 फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका.

वैभववाडी-कोल्हापूर रेल्वे होणार म्हणून जागेचा दर चढवून सांगणारे भेटतील. त्यांना रूळ दाखवायला सांगा.

पाणी

इथं मी स्वतः बराच काळ चाचपडलो, म्हणून सविस्तर सांगतो.

"पाणी आहे का?" असा प्रश्न विचारूच नका. उत्तर "भरपूर" असंच येतं आणि ते खोटंही नसतं, कारण तुम्ही विचारता त्या महिन्यात ते असतंच. देवगड तालुक्यातल्या एका काकींनी मला कळशीतलं पाणी प्यायला दिलं आणि वर म्हणाल्या, "आता गोडाच लागतला. वैशाखात येवा, मगे बोला." जागा दाखवणाऱ्या कुठल्याही एजंटानं एवढी कामाची गोष्ट सांगितली नाही.

पाण्याचा स्वभाव जमिनीवर ठरतो. सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावर, नजारा सगळ्यात भारी आणि तोच महाग विकला जातो. पण जांभा सच्छिद्र. पावसात विहीर काठोकाठ भरते, मग पाणी झिरपून खाली निघून जातं आणि मार्चनंतर दोर सोडला तरी कळशी दगडावर वाजते. मे महिन्यात टँकर.

पुळणीवर, म्हणजे समुद्रालगतच्या वाळूत, उलटं. वाळू पावसाचं पाणी धरून ठेवते. गोडं पाणी हलकं, ते खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. म्हणून काही फुटांवर गोडं पाणी लागतं आणि लोकांना चमत्कार वाटतो. कळशीनं किंवा छोट्या पंपानं उपसलं तर ते वर्षभर पुरतं. शेजारच्या रिसॉर्टनं मोठा पंप लावला की खालचं खारं पाणी वर ओढलं जातं, आणि ते फक्त त्याच्या विहिरीत राहत नाही. पुळणीवरचं घर बघताना आपल्या विहिरीआधी शेजाऱ्याचा पंप बघा.

खाडीकाठच्या विहिरी फसव्या. जानेवारीपर्यंत उत्तम, मग हळूहळू मचूळ, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणखी बिघडतात. तिथं खारलँडचा बंधारा, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला बांध, धड आहे का, त्याची झडप नीट लागते का, हे चालत जाऊन बघावं. बंधारा फुटलेला असेल तर पुढं बघूच नका.

राहायला चांगली जागा सड्याच्या पायथ्याला. वर मुरलेलं पाणी तिथं बाहेर येतं. ओळखायची खूण सांगतो: पोफळी बघा. सुपारीला बारमाही पाणी लागतं आणि खारं तिला सोसत नाही. जुनी, दाट पोफळीची बाग असेल तिथं गोडं पाणी असतंच. माड बघून हुरळू नका, माड खारटपणा सोसतो. हापूस आणि काजू बघून तर अजिबात नको, ती झाडं कोरड्या सड्यावरच खुशाल असतात.

मग मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात या, वळवाच्या आधी. उकाड्यानं जीव जाईल, तरी याच. विहिरीच्या काठावर, पंपाच्या पाइपाला पांढरा थर चढलाय का बघा. साबणाला फेस येतो का बघा. घरातून मूठभर तूरडाळ न्या आणि त्याच पाण्यात उघड्या पातेल्यात शिजवा. कुकरमध्ये नको, कुकर सगळं लपवतो. तासाभरानंही डाळ दाणेदार राहिली तर त्या पाण्यावर संसार करणं जड जाणार. घरमालकाला काही विचारू नका. पाणी भरणाऱ्या बाईला एवढंच विचारा, "दुसऱ्या विहिरीवर कधीपासून जावं लागतं?" नळ असेल तर मे महिन्यात तो किती दिवसांनी येतो ते विचारा.

तरीही जागा मनात बसली तर नमुना तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1000 पर्यंत चालवून घेतात. नमुना मे महिन्यातलाच. नोव्हेंबरातला अहवाल कुणी पुढं केला तर घडी घालून परत द्या.

वारा आणि लाटा

तौक्ते वादळ मे 2021 मध्ये या किनाऱ्याला घासून गेलं. वीज किती दिवसांनी आली हे प्रत्येक वाडीत विचारा, उत्तरं वेगवेगळी येतील आणि त्यावरून वाडीची ऐपत कळेल. देवबागसारख्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी असलेल्या चिंचोळ्या पट्टीवर, किंवा मिऱ्यासारख्या लाटांनी खाल्लेल्या किनाऱ्यावर कायमचं राहायला मी कुणाला सांगणार नाही. तिथं पाहुणे म्हणून जा, मासे खा, परत या.

दवाखाना, बाजार, नेटवर्क

आठवडी बाजार आणि मोबाइलची रेंज एका फेरीत कळते. दवाखान्याचं मात्र आधी ठरवा: रत्नागिरीच्या आसपास जिल्हा रुग्णालय आहे, वेंगुर्ला-शिरोड्याकडची माणसं गंभीर पेशंट गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेतात. हृदयाचं दुखणं असलेल्यानं "वेळ आली तर सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) आणू" हे मनातून काढावं, मध्ये घाट आहे.

सातबारा

कोकणातला सातबारा आपल्या करवीर-हातकणंगल्यासारखा नसतो. एका गुंठ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही वारलेली, वारस नोंद नाही. इतर हक्कात कूळ. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या मिळत नसतील तर "माझ्या वाट्याचं देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, वाटणी कागदावर झाल्याशिवाय त्याचा वाटा कुठला हे त्यालाही माहीत नसतं. फेरफार मागं जाऊन वाचा. जागेपर्यंतची पाणंद नकाशात आहे का बघा. गडग्यातून, म्हणजे दगडी कुंपणातून, गेलेली पायवाट शेजारी उद्या बंद करू शकतो. शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं, तो दाखला आपल्या कोल्हापूरकडच्या सातबाऱ्यावरून आधीच काढून ठेवा.

किनाऱ्यालगतच्या बहुतेक गावांत भरती रेषेपासून 200 मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही. जुन्या अधिकृत घराची डागडुजी वेगळी. वकील त्याच तालुक्यातला करा, कोल्हापुरातला ओळखीचा नको.

घेण्याआधी एक पावसाळा भाड्यानं

जूनच्या पहिल्या आठवड्यात सामान हलवा, अनंत चतुर्दशीपर्यंत राहा. पावसाळ्यात भाडं कमी असतं, घासाघीस करा. लोखंडी कपाट नेऊ नका, गंजतं. कौलांवर वानरं उतरतात, त्यामुळं फुटलेली कौलं कोण बदलणार हे भाडेकरारात लिहून घ्या.