रविवारची लांब धाव आणि देणगीचा निरोप

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पहिल्यांदाच ४२.१९५ किलोमीटर धावणार आहात आणि एखाद्या संस्थेसाठी निधीही जमवायचा आहे? मग ही दोन कामं एकमेकांना बांधून टाका. रविवारी पहाटे लांब धाव झाली, की आंघोळ-नाश्ता उरकून त्याच दिवशी पाच जणांना निरोप पाठवा. गटावर एकच मजकूर टाकू नका, तो कुणीच आपल्यासाठी आहे असं समजत नाही. नाव घेऊन लिहा: "मावशी, आज १८ किलोमीटर झाले. प्रत्येक किलोमीटरला दहा रुपये देशील का?" आकडा नेमका असला की माणूस चटकन हो म्हणतो, असा माझा अनुभव आहे. मावशीने तर पूर्ण ४२ किलोमीटरचे दिले!

पैसे स्वतःच्या खात्यावर मात्र घेऊ नका. संस्थेची लिंक द्या, म्हणजे पावती थेट देणाऱ्याला मिळते. देणगीवरची आयकराची ८०जी सवलत जुन्या करप्रणालीतच लागू होते आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, हेही आधीच सांगा.

निधीचं बहुतेक काम डिसेंबरच्या मध्यापर्यंत संपवा. शेवटचे तीन आठवडे धाव कमी करत न्यायची असते, झोप जपायची असते. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो तेव्हा पाय ताजे हवेत, डोक्यात राहिलेल्या फोनांची यादी नको.