जनुक सापडलं, पण ते बसलंय कुठे? फिरत्या जनुकीय घटकांच्या कामात या चुका टाळा

जिवाणूचा जीनोम वाचून झाला, डेटाबेसने प्रतिकार जनुकांची यादी दिली आणि ती तशीच्या तशी अहवालात उतरली. ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की यादीत एक रकाना नसतोच, हे कुणाच्या ध्यानात येत नाही: जनुक आहे कुठे? गुणसूत्रात, प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या, बहुधा वर्तुळाकार डीएनएवर), की एखाद्या फेजच्या (जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूच्या) डीएनएमध्ये? २०१५ च्या नोव्हेंबरात एमसीआर-१ या जनुकाची बातमी आली तेव्हा खळबळ उडाली ती त्याच्या पत्त्यामुळे. कोलिस्टिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे जिवाणू त्याआधीही माहीत होते, पण त्यांच्यातले बदल गुणसूत्रात होते आणि बहुधा त्याच वंशात राहत. एमसीआर-१ प्लाझ्मिडवर होतं, म्हणजे शेजारच्या जिवाणूकडे जायला मोकळं.

तुटक्या असेंब्लीवरून प्लाझ्मिड ठरवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. शॉर्ट रीड, म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे, साधारण १५० ते ३०० बेसचे. ते एकमेकांना जुळवून जीनोमची असेंब्ली बनते. आयएस२६ हा इन्सर्शन सीक्वेन्स (आयएस, म्हणजे डीएनएत जागा बदलणारा छोटा तुकडा) ८२० बेसचा, आणि बहुऔषध-प्रतिकारक प्लाझ्मिडवर त्याच्या अनेक प्रती असतात. एवढा पल्ला एका रीडला ओलांडता येत नाही, म्हणून प्रत्येक प्रतीपाशी असेंब्ली तुटते. मग प्रतिकार जनुक तीन हजार बेसच्या एका एकाकी काँटिगवर (असेंब्लीतल्या सलग तुकड्यावर) निघतं, आयएनसी-एफ रेप्लिकॉन (प्लाझ्मिडची प्रत बनवणारा भाग, ज्यावरून त्याचा प्रकार ओळखतात) दुसऱ्याच काँटिगवर, आणि लिहिणारा बिनदिक्कत लिहितो की जनुक आयएनसी-एफ प्लाझ्मिडवर आहे. त्याच पेशीत आणखी दोन प्लाझ्मिड असतील तर?

आधी काँटिगची टोकं बघा. तिथे आयएसचा तुकडा किंवा त्याचे १४ बेसचे उलटे पुनरावर्ती क्रम दिसले, तर काँटिग तिथे का संपलं याचं उत्तर मिळालं. आयएसच्या काँटिगचं कव्हरेज (त्यावर पडलेल्या रीडची संख्या) बाकीच्यांपेक्षा कित्येक पट असेल, तर प्रती अनेक आहेत. खात्री हवी असेल तर लाँग रीडला पर्याय नाही. मात्र तिथेही एक खाच आहे: अखंड वर्तुळाकार छोट्या प्लाझ्मिडला मोकळं टोकच नसतं, त्यामुळे लिगेशन पद्धतीत त्याला अडॅप्टर (वाचनासाठी टोकाला लावायचा जोडतुकडा) जोडला जात नाही, आणि मोठे तुकडे निवडण्याच्या पायरीत जे काही उरलेलं असतं तेही निघून जातं. म्हणून शॉर्ट आणि लाँग दोन्ही रीड वापरा, आणि दोन्हीसाठी डीएनए एकाच वेळी, एकाच कल्चरमधून काढा. मध्ये चार सबकल्चर (नव्या माध्यमात पुन्हा वाढवणं) झाली की दोन वेगळ्या जिवाणूंची असेंब्ली एकत्र शिवल्यासारखं होतं.

काँज्युगेशन झालं नाही, म्हणजे प्लाझ्मिड जातच नाही

काँज्युगेशन म्हणजे एका जिवाणूने (डोनर) दुसऱ्याला (रेसिपिअंट) थेट संपर्कातून प्लाझ्मिड देणं. ते प्रयोगात दिसलं नाही की हा निष्कर्ष काढायची फार घाई होते. आधी तापमान तपासा. टायफॉइडच्या साल्मोनेलात आढळणारे आयएनसी-एचआय१ प्लाझ्मिड २२ ते ३० अंशांना चांगले जातात. ३७ अंशांना हस्तांतर जवळपास थांबतं. सवयीने इनक्युबेटर ३७ वर ठेवलात तर प्लेट कोरीच राहणार. मग पृष्ठभाग बघा. आयएनसी-एन, पी आणि डब्ल्यू या प्रकारच्या प्लाझ्मिडच्या पिली (दोन जिवाणूंना जोडणारे केसासारखे धागे) ताठ आणि ठिसूळ असतात. द्रव माध्यमात त्यांची जोडी टिकत नाही. अगारवर किंवा फिल्टरवर तेच काम कित्येक पटींनी चांगलं होतं. शिवाय काही प्लाझ्मिडकडे स्वतःची हस्तांतर यंत्रणा नसतेच. ते दुसऱ्या प्लाझ्मिडच्या यंत्रणेवर स्वार होऊन जातात, आणि तो दुसरा डोनरमध्ये नसेल तर प्रयोग फसणारच. म्हणून अहवालात ‘हस्तांतरणक्षम नाही’ असं न लिहिता ‘या तापमानाला, या माध्यमात, या रेसिपिअंटसोबत हस्तांतर आढळलं नाही’ असं लिहा.

उलटी अडचणही येते: प्लेटवर वसाहतींचा सडा. रेसिपिअंट रिफॅम्पिसिन-रोधक घेतला असेल, तर डोनरमधले आपोआप झालेले म्युटंटही रिफॅम्पिसिन घातलेल्या प्लेटवर उगवतात. त्याहून छुपा प्रकार म्हणजे प्लाझ्मिडवरच्या इंटेग्रॉनमध्ये (जनुकं गोळा करणाऱ्या डीएनए-रचनेत) एआरआर हे जनुक असणं. ते रिफॅम्पिसिनलाच निकामी करतं, त्यामुळे अख्खा डोनर प्लेटवर मजेत वाढतो. डोनर एकटा आणि रेसिपिअंट एकटा त्याच निवड-प्लेटवर लावला असता तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. अशा वेळी सोडियम अझाइडला दाद न देणारा ई. कोलाय जे५३ रेसिपिअंट म्हणून घ्या.

जाता जाता: इंटेग्रॉन स्वतः उड्या मारत नाही. त्यातल्या जनुक-कॅसेट आत-बाहेर होतात. अख्खा इंटेग्रॉन हलतो तो ट्रान्स्पोझॉनवर (स्वतः उड्या मारणाऱ्या डीएनए तुकड्यावर) किंवा प्लाझ्मिडवर बसून.

आयएसवरची पीसीआर म्हणजे प्रजातीची ओळख, असं समजणं

डांग्या खोकल्याच्या बोर्डेटेला पर्ट्युसिसमध्ये आयएस४८१ च्या ५० हून जास्त प्रती असतात. म्हणूनच चाचणी इतकी संवेदनशील आहे, आणि म्हणूनच फसवीही. बोर्डेटेला होल्मेसाय या भाईबंदातही आयएस४८१ असतो, आणि बाहेरून आलेला अगदी किंचित डीएनएही उशिराच्या सीटीला (पीसीआरच्या उशिराच्या फेरीत) सिग्नल देऊन जातो. एकट्या आयएस४८१ वर निदान करू नका. पर्ट्युसिस टॉक्सिनच्या जनुकभागाची जोड द्या.

क्षयरोगात नेमकं उलटं घडतं. आयएस६११० च्या प्रती स्ट्रेननुसार शून्यापासून पंचवीसच्या आसपास असतात. ज्या स्ट्रेनमध्ये तो नाहीच, तिथे फक्त त्याच्यावर बेतलेली पीसीआर निगेटिव्ह येणार, रुग्ण कितीही आजारी असो. आयएस१०८१ सारखं दुसरं लक्ष्य सोबत ठेवा.

सबकल्चरमध्ये हरवलेला पुरावा

आमांश घडवणाऱ्या शिगेलाचा रोगकारक प्लाझ्मिड सुमारे २२० किलोबेसचा. प्रयोगशाळेत तो सांभाळायची जिवाणूला काही गरज नसते. काँगो रेड अगारवर ३७ अंशांना लालऐवजी पांढऱ्या वसाहती दिसू लागल्या की प्लाझ्मिड गेला असं धरा आणि जुन्या स्टॉककडे वळा. शिगा टॉक्सिनचं जनुक फेजवर असतं, आणि तो फेजही निसटतो. रुग्णाच्या शौचाच्या नमुन्यात टॉक्सिन जनुक सापडलं आणि वेगळ्या केलेल्या ई. कोलायमध्ये नाही, तर लगेच नमुन्यांची अदलाबदल झाली असं मानू नका. त्याच प्लेटवरच्या आणखी वसाहती तपासा. पहिल्या वाढीतला स्टॉक उणे ८० अंशांना ठेवलेला असेल तर हा घोळ लवकर सुटतो.

फेज शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने ‘पूर्ण’ असा शिक्का मारला तरी तो फेज जिवंत आहे हे सिद्ध होत नाही. मायटोमायसिन-सी (डीएनएला इजा करणारं औषध) देऊन फेज बाहेर पडतो का ते बघावं लागतं.

साथीचा माग फक्त एसएनपीवर

एकाच वॉर्डात क्लेब्सिएला, ई. कोलाय आणि एंटरोबॅक्टर या तिघांतही एनडीएम-१ (कार्बापेनेम प्रतिजैविकं निकामी करणारं जनुक) निघालं, तर एसएनपीच्या (डीएनएतल्या एकेका बेसच्या फरकांच्या) झाडावर ते एकमेकांपासून कोसो दूर दिसतील आणि ‘संबंध नाही’ असा शेरा पडेल. फिरतोय तो प्लाझ्मिड, जिवाणू नव्हे. पण तिघांत रेप्लिकॉनचा प्रकार एकच निघाला एवढ्यावरून प्लाझ्मिड एकच आहे असंही म्हणता येत नाही. तिन्ही प्लाझ्मिड पूर्ण वर्तुळापर्यंत जोडून, शेजारी ठेवून, जनुकाभोवतीच्या आयएसच्या तुटलेल्या सीमांसकट जुळवून बघा.